हिमसरोवरांच्या सहलीत मुक्कामाची उंचीही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ येताच चंद्रताल, गुरुडोंगमार अशा हिमालयातील सरोवरांच्या सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात झळकू लागल्या आहेत. ही सरोवरे नाशिककरांनी अवश्य पाहावीत, असेच मी म्हणेन. तक्रार एवढीच, की या जाहिरातींत दिवस, दर आणि जेवणाचा तपशील असतो. कोणत्या रात्री किती उंचीवर मुक्काम आहे, हे मात्र कुठेच नसते.

नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, आणि आपले कळसूबाई शिखरही १६४६ मीटरच भरते. चंद्रताल सुमारे ४२५० मीटरवर असून तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के असतो. तरीही मनालीहून (सुमारे २०५० मीटर) सकाळी निघून त्याच रात्री चंद्रतालजवळच्या तंबूत झोपवणाऱ्या सहली सर्रास निघतात. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, हा डॉक्टरांचा सल्ला त्यात पार धाब्यावर बसवला जातो.

गेल्या वर्षी अशाच सहलीत आमच्यासोबतच्या एका मावशींचे डोके संध्याकाळपासून ठणकत होते. त्यांनी ताटातला भात चिवडून बाजूला ठेवला, तेव्हा ‘प्रवासाचा शीण आहे, झोपा’ असे व्यवस्थापकाने सांगितले. मध्यरात्री त्यांचा तोल जाऊ लागला आणि बोलणे अडखळू लागले. उंचीवर ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते आणि अशा वेळी ताबडतोब खाली उतरवणे हाच खरा उपाय असतो. तंबूंपाशी आमची गाडी नव्हती. शेजारच्या तळावरच्या चालकाने आपली गाडी काढून त्यांना छत्रूपर्यंत उतरवले, म्हणून त्या वाचल्या.

सिमला, कल्पा, ताबो, काझा असे टप्प्याटप्प्याने चढत चंद्रतालला जाता येते. त्यात दिवस वाढतात, खर्चही वाढतो. पण साठीच्या माणसांना घेऊन जायचे तर तोच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय मे महिन्यात चंद्रतालचा रस्ता बहुतेक वर्षी बर्फाने बंद असतो, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत ते दाखवण्याचे आश्वासन मुळातच तपासून पाहावे लागेल. गुरुडोंगमारला तर लाचेनहून (सुमारे २७५० मीटर) पहाटे निघून ५१०० मीटरच्या वर नेतात. मुक्कामाला त्याच दिवशी खाली परतायचे असले, तरी दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

आपणांस विनंती, की अशा सहलींच्या जाहिराती स्वीकारताना प्रत्येक मुक्कामाची उंची छापण्याची अट आपण घालावी. वाचकांनीही पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारावेत : तळावर प्राणवायूचे सिलिंडर आहे का, आणि रात्री खाली उतरवण्यासाठी गाडी व चालक तिथेच थांबणार आहेत का?

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक