पार्सरच्या पुढचा कंपायलर प्रात्यक्षिकात कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा तयार करण्याविषयीचा आपल्या शिक्षण पुरवणीतला लेख वाचला. पार्सर (लिहिलेला कोड वाचून त्याच्या रचनेचे झाड बांधणारा भाग) चालला की अवघड भाग संपला, असा समज त्यातून होतो. खरी कसोटी त्यानंतर लागते आणि आपल्या बहुतेक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांतून नेमके तेवढेच निसटते. दोन पासचा असेम्बलर, मॅक्रो प्रोसेसर, लेक्स आणि याक (कोड वाचणारा भाग बनवून देणारी साधने) इथपर्यंत जर्नल भरते. त्यापुढची, यंत्राला कळणारा कोड तयार करून देणारी लायब्ररी विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा उघडतात.

ती बहुधा एलएलव्हीएम असते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनी तिची सुरुवात केली. तिच्यात टाइप (माहितीचा प्रकार) आणि व्हॅल्यू (कोडमध्ये वापरता येणारी किंमत किंवा घटक) या दोन गोष्टी नीट कळल्या नाहीत, तर पुढचे सगळे चुकत जाते.

एका कॉन्टेक्स्टमध्ये (लायब्ररी आपले टाइप जिथे साठवते तिथे) ३२ बिटांचा पूर्णांक कितीही वेळा मागितला तरी तीच वस्तू मिळते, म्हणून दोन टाइप सारखे आहेत का हे नुसते पॉइंटर (मेमरीतले पत्ते) ताडून कळते. कॉन्टेक्स्ट दोन झाले की हा नियम मोडतो. नाव दिलेल्या स्ट्रक्टचे (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या टाइपचे) वेगळे आहे. ‘बिंदू’ नावाचा तोच स्ट्रक्ट दुसऱ्यांदा तयार केला, तर नावामागे टिंब आणि आकडा लागून निराळाच टाइप जन्माला येतो. तो एकदाच करून आपल्या तक्त्यात ठेवावा.

सर्वांत जास्त गोंधळ चिन्हाचा होतो. या लायब्ररीच्या पूर्णांकाला ऋण-धन ठाऊक नसते, ते क्रियेत असते. भागाकाराच्या सूचना (इन्स्ट्रक्शन) दोन, चिन्हासह आणि चिन्हाविना. ३२ बिटांतल्या −८ ला २ ने भागताना दुसरी वापरली, तर उत्तर −४ न येता २१४७४८३६४४ येते आणि कुठेही तक्रार होत नाही. म्हणून आपल्या भाषेचा टाइप पार्सरच्या झाडातच, प्रत्येक पदावलीजवळ नोंदवून ठेवला पाहिजे. लायब्ररीच्या टाइपवरून तो परत काढता येत नाही.

पॉइंटरबाबत तर आता दुसरा इलाजच नाही. १५व्या आवृत्तीपासून (२०२२) पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो हे त्याच्या टाइपमध्ये राहत नाही, आणि १७व्या आवृत्तीत (२०२३) जुनी पद्धत पूर्णपणे गेली. सी भाषेच्या इंटरफेसमध्ये ‘बिल्ड-लोड’ऐवजी ‘बिल्ड-लोड-२’ आले. त्याला कोणत्या टाइपची किंमत वाचायची हे आपणच सांगायचे. ३२ बिटांच्या जागेतून ६४ बिट वाचायला सांगितले, तरी व्हेरिफायर (तयार झालेला कोड तपासणारा लायब्ररीचा भाग) ते मुकाट्याने मान्य करतो. जुन्या ट्युटोरियलवरून उतरवलेला कोड इथेच अडतो, आणि घाईने दुरुस्त केलेला कोड चुकीची उत्तरे देत चालू राहतो. हे जास्त वाईट.

व्हॅल्यूमध्ये स्थिरांक, पॅरामीटर, सूचना, फंक्शन, बेसिक ब्लॉकसुद्धा (मध्ये फाटा न फुटता सलग चालणाऱ्या सूचनांचा गट) येतात. चलासाठी ‘अलोका’ (मेमरीत जागा राखणारी सूचना) केल्यावर हाती येते ती त्या जागेचा पत्ता असलेली व्हॅल्यू. किंमत हवी तर लोड करावे लागते. तसे न करता थेट बेरजेला दिली, तर आतले असर्शन (गृहीत धरलेली गोष्ट खरी आहे ना, हे चालताना पाहणारी तपासणी) ओरडते. पण तयार पॅकेजमध्ये असर्शन बहुधा बंद असतात, आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आग्रहाची विनंती आहे : या भागासाठी किमान दोन प्रात्यक्षिके ठेवावीत, पुस्तिकेवर लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक छापावा आणि प्रयोगशाळेत असर्शन सुरू ठेवून बांधलेली प्रतच द्यावी. प्रत्येक फंक्शन पुरे झाले की ‘व्हेरिफाय-फंक्शन’ चालवण्याची सवय लावावी. मात्र ते चूक सापडली तर ‘सत्य’ परत करते आणि सगळे ठीक असेल तर ‘असत्य’, हे पुस्तिकेत ठळक छापावे. उलट समजून केलेली तपासणी सदोष कोड पुढे सोडते.

– संगणक अभियांत्रिकीचा एक अध्यापक, पुणे