अनुकंपा तत्त्वावरचे नेतृत्व

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला सुपरहिरोपटांतील कृष्णवर्णीय नायिकांवरचा लेख वाचला. 'आता सूत्रे त्यांच्या हाती आली' म्हणे. आली खरी, पण कशी? 'वाकांडा फॉरएव्हर'मध्ये वाकांडा या काल्पनिक देशाचा राजा टीचाला, म्हणजे ब्लॅक पँथर, गेल्यावर त्याच्या बहिणीला, शुरीला, त्याचा पोशाख मिळतो. २००६ च्या 'एक्स-मेन'मध्ये शाळेचे प्रमुख प्रोफेसर झेवियर गेल्यावर वारा-विजेवर हुकमत असलेल्या स्टॉर्मला ती शाळा मिळते. आमच्या कचेरीत याला अनुकंपा तत्त्वावर नेमणूक म्हणत. टीचालाचे काम करणारा चॅडविक बोसमन खरोखरच गेला, त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही, हे मान्य. पण शुरीला गादीही नाहीच. शेवटी त्या गादीवर हक्क सांगायला दुसऱ्या टोळीचा प्रमुख एम्बाकू हजर! त्यानंतर श्रेयनामावलीत टीचालाचा मुलगा निघतो, तो मला दिसलाच नाही. थिएटरवाल्यांनी दिवे लावून झाडू आत पाठवले होते. तिकीट मात्र पूर्ण सिनेमाचे घेतात.

माझा राग स्टॉर्मवरून आहे. कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवर १९८६ चा 'एक्स-मेन' कॉमिकचा एक जुना अंक मिळाला होता, कव्हर फाटलेला. त्यात स्टॉर्मची सगळी शक्ती गेलेली असते. ना वारा, ना वीज. तरीही ती सायक्लॉप्स या सहकाऱ्याशी झुंजते, त्याला हरवते आणि एक्स-मेनचे नेतृत्व जिंकून घेते. कोणी मरायची वाट पाहत नाही. तो अंक मी इतक्यांदा वाचला की पाने सुटी झाली. मग पडद्यावर काय पाहिले? स्टॉर्म साकारणारी हॅली बेरी २००२ मध्ये मुख्य अभिनेत्रीचे ऑस्कर घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, आणि पुढच्याच वर्षीच्या 'एक्स-मेन'मध्ये तिला विमान चालवायला बसवले. अधूनमधून वादळ आणायचे, बाकी गोष्ट वुल्व्हरिन या नायकाची. हे तुमच्या लेखकाला खटकले नाही. 'द मार्व्हल्स'ची दिग्दर्शक निया डकोस्टा आणि वाकांडाच्या वेशभूषेसाठी दोनदा ऑस्कर घेणारी रूथ कार्टर यांची नावेही लेखात नाहीत. बहुधा जागा जाहिरातीला गेली असावी. अर्धे पान गृहकर्जाचे होते.

आणि हो, फोटोखाली 'राणी रामोंडाच्या भूमिकेत अँजेला बॅसेट' असे छापले आहे. मुंडण केलेली, हातात भाला घेतलेली ती वाकांडाची सेनापती ओकोये आहे हो, म्हणजे डनाय गुरिरा! आपल्या कार्यालयात त्या सगळ्या सारख्याच दिसत असतील, तर निदान लेखाचे शीर्षक तरी बदलायचे होते. दुरुस्ती छापावी, आणि ती कोड्याच्या उत्तरांखाली बारीक टायपात नको.

कळावे,
एक जुनी वाचक, डोंबिवली