पाऊस नसला तरी झाडाखाली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातवाची मॅच बघायला मैदानावर गेलो होतो. चारच्या सुमाराला ठाण्याच्या अंगाने काळं चढून आलं, गडगडलं, आणि सरांनी अकरा-बारा वर्षांची सगळी पोरं कडेच्या मोठ्या झाडाखाली नेऊन उभी केली. मी ओरडतच धावलो आणि पोरांना समोरच्या इमारतीच्या जिन्यात नेलं. सर म्हणाले, "काका, अजून पाऊस कुठे आलाय?" वीज पावसाची वाट बघत नाही, म्हणून या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय.

विजेचा भार कसा साठतो ते मी कामावर रोज बघितलंय. मी लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो. जानेवारीत कोरडा वारा सुटला की टेरिकॉटचं सूत रुळांना चिकटायचं, तंतू ताठ उभे राहायचे, लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. दोन वस्तू घासल्या की एकीवरचा विद्युतभार दुसरीवर जातो आणि हवा कोरडी असली की तिथेच बसून राहतो. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे चालत. सुताने ओल धरली की भार निघून जाई.

मग ढगात तर पाणीच पाणी, तिथे भार टिकतो कसा? हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. ढगात उंचावर, शून्याखाली दहा ते वीस अंशांत, बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. स्फटिक धनभार घेऊन वाऱ्याबरोबर वर जातात, जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात. कण सुटे, मध्ये हवा, त्यामुळे भाराला परतीची वाट नसते. ताण हवेला पेलवेनासा झाला की ऋणभार सुमारे 50-50 मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरू लागतो आणि जमिनीवर जे उंच असेल तिथून धनभाराची ठिणगी त्याला भेटायला वर निघते. मोकळ्या मैदानात उंच काय असतं? झाड. मग त्यातून सुमारे 30,000 अँपिअरचा प्रवाह जातो. तो खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेतो, मुळांभोवतीच्या जमिनीतही पसरतो. त्यापेक्षा पोरं भिजलेली बरी.

आणि पावसाची वाट बघायची नसते. ढगापासून 10 किलोमीटरवर, कोरड्या जागीही वीज पडते. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा. दर 3 सेकंदांना एक किलोमीटर. पण खरं सांगायचं तर मोजत बसूच नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच.

शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल, कुठेही खेळ चालू असो, पहिल्या गडगडाटाला तो थांबला पाहिजे. पोरं पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या गाडीत जाऊ देत. क्लबचे तंबू चालणार नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी मैदानात उतरू नये. प्रत्येक प्रशिक्षकाच्या मोबाइलमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप असावं, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं.

परवा पुन्हा मॅच आहे. पत्र छापून आलं तर कात्रण घेऊनच मैदानावर जाईन.

आपला,
एक निवृत्त गिरणी कामगार, परळ