प्रेसवाले काका चोर नव्हते

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून अर्धवट उठलीस आणि आई मला म्हणाली, "तुम्हाला जरा गप्प बसता येत नाही का?" नाही येत. म्हणून लिहितोय. कागदावर निदान तुला मधेच तोडणार नाही.

"ती चोर आहे, बाबा," असं तुझ्या बेकरीतल्या भागीदारणीबद्दल तू तीनदा म्हणालीस. हेच वाक्य १९९६ साली नारायण पेठेतल्या आपल्या खोलीत मी तुझ्या आईला ऐकवलं होतं, छापखान्यातल्या माझ्या भागीदाराबद्दल, म्हणजे तुझ्या प्रेसवाल्या काकांबद्दल. तू चार वर्षांची होतीस. त्यांच्या खांद्यावर बसून विसर्जनाची मिरवणूक बघायचीस. त्या वर्षी ते यायचे बंद झाले आणि तुला सांगितलं गेलं, काकांनी पैसे खाल्ले. ते अर्धंच खरं होतं.

आमचा प्रेस म्हणजे एक ट्रेडल (छपाईचं जुनं यंत्र), एक कागद कापायचं कटिंग मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस. गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं, मग लग्नपत्रिका. पैसा रोख यायचा आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जायचा. किल्ली दोघांकडे. वही होती, पण लिहायचं कोण? दोस्ताकडे हिशेब मागायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, असं दोघांनाही वाटायचं. त्यांना डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, शिकायचं होतं, कर्ज काढून ऑफसेट छपाईचं नवं यंत्र घ्यायचं होतं. मला खिळे सोडवत नव्हते. (तेच बरोबर होते, हे दोन वर्षांत दिसलं. आमचे खिळे शेवटी शिशाच्या भावाने वजनावर गेले.) खरं भांडण तेवढंच होतं. पण ते तोंडावर भांडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी वहीत खोट शोधायला लागलो. एका मंडळाचा ॲडव्हान्स लिहिलेला नव्हता. झालं.

वेगळं झाल्यावर वर्षभराने एकदा सगळे कपटे काढून बसलो. ड्रॉवरमधून मीही उचलत होतो. तुझं दूध, बालवाडीची फी, आईचा दवाखाना. मी काढले की तो घरखर्च आणि त्यांनी काढले की अफरातफर. बेरीज केली तर माझाच आकडा मोठा निघाला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल, आता.

म्हणून आधी एक कर. तुमचा ड्रॉवर म्हणजे फोन, आणि यूपीआयने गेलेला जवळजवळ रुपयान्‌रुपया बँकेच्या स्टेटमेंटवर असतो. ते छापून घे आणि खुणा कर. सुरुवात तुझ्या नावापासून. मग तिला काय म्हणायचं ते म्हण.

दुसरं कायद्याचं. करारपत्र 'करू, करू' म्हणत राहिलं, म्हणजे आता तुमच्यासाठी १९३२ चा भागीदारी कायदा हाच करार. काही ठरलेलं नसेल तर नफातोटा निम्मा-निम्मा, भांडवल कुणाचं कितीही असो. तू साडेचार लाख घातलेस आणि तिने दीड, म्हणून नफ्यात तुझा वाटा तिप्पट होत नाही. रविवारी तू नेमकी त्यावरूनच चिडली होतीस. फर्म मोडताना आधी बाहेरच्यांची देणी, मैद्या-लोण्यावाल्यापासून बॉक्सवाल्यापर्यंत. मग भांडवलाखेरीज कुणी उसनं घातलं असेल ते, मग भांडवल, आणि त्यातूनही उरलं तर वाटणी. ओव्हनची किंमत आज विकला तर येईल ती. तू मोजलीस ती नव्हे.

मुदत ठरलेली नसली की लेखी नोटीस देऊन भागीदारी संपवता येते. रात्री एक वाजता व्हॉट्सॲपवर पाठवलेले चार परिच्छेद मी नोटीस मानणार नाही. तारीख घाल, सही कर. आणि सरकारी राजपत्रात व मराठी पेपरात जाहीर नोटीस दे, ते खरंच टाळू नकोस. मी टाळली होती. सात महिन्यांनी कागदवाला दारात उभा राहिला, अकरा हजारांचं बिल घेऊन. काकांनी जुन्याच लेटरहेडवर माल उचलला होता. वकील म्हणाले, जाहीर नोटीस नाही ना, मग बाहेरच्या जगासाठी तुम्ही अजून भागीदारच. भरले. जीएसटीचा नंबरही फर्मचा आहे, तो रद्द करून घे. त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं, ते तुझ्या सीएला आत्ताच सांगून ठेव.

पीठ-लोणी फेटायच्या त्या प्लॅनेटरी मिक्सरवरून मात्र भांडू नकोस. आमच्या वाटणीत मी कटिंग मशीन हट्टाने घेतलं. काकांना ते हवं होतं, एवढंच कारण. ठेवायला जागा नाही, कापायला कागद नाही. मावशीच्या वाड्यात चार पावसाळे गंजलं आणि भंगारात गेलं. आपल्याकडे तेव्हा धंदा उरला होता तो गॅलरीत, हाताने स्क्रीन प्रिंटिंगचा. एक लाकडी फ्रेम, स्क्रीन, स्क्वीजी आणि वाळत घातलेल्या पत्रिका. तू शंभर-शंभरचे गठ्ठे करायचीस, सत्तरनंतर चुकायचीस. सहा महिने मी जुन्या प्रेसच्या गल्लीतून गेलो नाही, लक्ष्मी रोडने वळसा घालून घरी यायचो. तुलाही कर्वेनगरच्या त्या बेकरीच्या गाळ्यासमोरून स्कूटर नेववणार नाही. नको नेऊस. वळसा घाल, पेट्रोल माझ्याकडून.

हिशेबाला बसाल तेव्हा दोघींना मान्य असलेलं तिसरं माणूस हवं. मी नको, मी तुझा बाप आहे. तिची आई चालेल. ती बाई सरळ आहे आणि वीस वर्षं भिशी सांभाळतेय.

दोन हजार खोके जुन्या नावाचे उरलेत म्हणालीस. तुझ्या वाट्याला आले तर टाकू नकोस. जुनं नाव आणि तो १४ आकडी एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) नंबर, दोन्ही झाकलं जाईल एवढं लेबल मी छापून देतो. फ्रेम अजून माळ्यावर आहे, फक्त जाळी बदलावी लागेल. तुझा नवा नंबर आला की कळव. आणि नाव ठरवशील तेव्हा जोडाक्षरं जरा कमी घे, बारीक टाइपात शाई भरते.

तुझा,
बाबा