अँग्विला बेटाविषयी ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या नव्या कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता पाहिला. त्याच्या शेवटी डॉट एआय आहे. आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये काम करता म्हणून ते घेतलं, असं तू फोनवर म्हणालास. घेतलंत त्याला माझी काहीच हरकत नाही. पण आपल्या देशाला जसं डॉट इन, तसं डॉट एआय हे अँग्विला नावाच्या एका छोट्या बेटाला १९९५ साली मिळालेलं आहे. जगभरच्या कंपन्या त्यासाठी पैसे भरतात आणि ते त्या बेटाच्या सरकारी तिजोरीत जातात. मी ग्रामपंचायतीत सदस्य होते तेव्हापासून लहान जागेचा कारभार कसा चालतो याची मला ओढ आहे. त्यामुळे या बेटाविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि आता तुलाही सांगावंसं वाटतं.

नकाशात कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटाच्या पूर्वेला लहान बेटांची एक कमान दक्षिणेकडे वळत जाते. तिच्या उत्तर टोकाशी अँग्विला आहे. लांबी साधारण २६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ५ आणि क्षेत्रफळ ९१ चौरस किलोमीटर. वस्ती पंधरा-सोळा हजार. बहुतेक लोक गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, भाषा इंग्रजी. राजधानीचं नाव द व्हॅली. दक्षिणेला सामुद्रधुनीपलीकडे सेंट मार्टिन बेट नुसत्या डोळ्यांनी दिसतं, अर्धं फ्रेंचांचं आणि अर्धं डचांचं.

जमीन चुनखडीची आणि सपाट. सर्वांत उंच जागा शंभर मीटरसुद्धा नाही, त्यामुळे ढग अडवायला डोंगर नाही. नदी नाही, ओढा नाही. पडेल तो पाऊस खडकातून खाली झिरपून जातो. म्हणून तिथे घर बांधताना खाली पाण्याचं टाकं बांधायचं आणि छपरावरचं पाणी त्यात घ्यायचं, ही जुनी रीत. आता समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, पण टाकी अजून आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघितलेल्या बाईला हे किती मोठं शहाणपण आहे ते कळतं.

इंग्रज तिथे १६५० च्या सुमारास आले. तंबाखू, कापूस, ऊस सगळं लावून पाहिलं, पण त्या जमिनीत मोठी शेती कधी नीट रुजली नाही. १८३४ साली ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली, आणि जमिनीत काही राम नाही म्हणून मळेवाले हळूहळू निघून गेले. मागे राहिलेल्या काळ्या कुटुंबांकडे जमिनीचे तुकडे आले. शेजारच्या सुपीक बेटांवर लोक पुढेही पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर मजुरी करत राहिले. इथे मात्र गरीब माणूस आपल्या तुकड्याचा मालक झाला. त्या लोकांची पुढची सगळी हिंमत मला वाटतं इथूनच आली. स्वतःचा सातबारा असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी ग्रामसभेत पाहिलंय.

पोट मात्र त्या तुकड्यावर भरत नव्हतं. पुरुष होड्या बांधायचे, मासेमारी करायचे, सँडी ग्राउंडच्या मिठागरात राबायचे. हंगामाला शिडाच्या होड्यांतून डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीला जाणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. हंगाम संपला की घरी आधी कोण पोचतो याची होड्यांमध्ये चुरस लागायची. त्यातूनच शिडाच्या होड्यांची शर्यत हा तिथला राष्ट्रीय खेळ झाला. आजही सणाला अख्खं बेट किनाऱ्यावर लोटतं.

आता कारभाराचं. १८२५ साली ब्रिटिशांनी हे बेट सेंट किट्सच्या विधिमंडळाला जोडलं. सेंट किट्स शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तिथे ऊस, तिथे पैसा, तिथेच सत्ता. अँग्विलाच्या लोकांनी १८७० च्या दशकातच अर्ज केला होता की आम्हाला त्यांच्यापासून वेगळं करा, थेट तुमच्या हाताखाली घ्या. कुणी ऐकलं नाही. आपली वाडी गट ग्रामपंचायतीत होती तेव्हाचं तुला आठवत नसेल. सदस्य मोठ्या गावाचे जास्त, बैठक मोठ्या गावात, आणि नळाची लाइन वाडीच्या वेशीपर्यंत येऊन थांबलेली. अँग्विलाचं दुखणं नेमकं हेच होतं. सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला मिळून जे सभागृह होतं, त्यात अँग्विलाचा निवडून आलेला सदस्य एकच. १९६० च्या दशकातही बेटावर सार्वजनिक वीज नव्हती, घरोघरी नळ नव्हते, धड डांबरी रस्ता नव्हता.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी ब्रिटनने या तिन्ही बेटांना मिळून अंतर्गत स्वायत्तता दिली. परराष्ट्र आणि संरक्षण सोडून सगळं सेंट किट्समधल्या सरकारच्या हाती गेलं. रॉबर्ट ब्रॅडशॉ हे त्या सरकारचे प्रमुख. अँग्विलाच्या लोकांना कळून चुकलं की आता लंडनला तक्रार करण्याची वाटसुद्धा बंद होणार. ३० मे १९६७ रोजी त्यांनी सेंट किट्सच्या पोलिसांना विमानात बसवून परत पाठवलं. तो दिवस ते अँग्विला दिन म्हणून पाळतात. ११ जुलैला मतदान घेतलं. सेंट किट्सपासून वेगळं होण्याच्या बाजूने १,८१३, विरोधात ५.

जूनमध्ये त्यांच्यातले काही जण शस्त्रं घेऊन होडीने सेंट किट्सवर चालून गेले होते, ते फसलं. ते मला पटलेलं नाही, आणि फसलं ते बरंच झालं. पण त्यानंतर जे झालं ते विलक्षण आहे. रॉनल्ड वेबस्टर हा माणूस पुढारी म्हणून उभा राहिला. सेंट मार्टिनमध्ये एका शेतमालकाकडे राबून वर आलेला, धर्मभीरू, हट्टी. फेब्रुवारी १९६९ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि १,७३९ विरुद्ध ४ मतांनी त्यांनी स्वतःला प्रजासत्ताक ठरवलं. मार्चमध्ये ब्रिटिश मंत्री विल्यम व्हिटलॉक तोडगा घेऊन आले, त्यांना त्याच दिवशी बेट सोडावं लागलं. मग १९ मार्चला पहाटे ब्रिटनने तीनशेच्या आसपास छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलीस उतरवले. समोर फौज नव्हतीच. किनाऱ्यावर वार्ताहर फ्लॅश उडवत उभे होते. एकही माणूस मेला नाही.

आणि लोकांना नको काय होतं? सेंट किट्सचा अंमल. ब्रिटनचा राग त्यांना नव्हता. ब्रिटिश आले म्हणजे सेंट किट्सचे पोलीस येणार नाहीत, एवढं त्यांना पुरे होतं. सैन्याच्या अभियंत्यांनी पुढे रस्ते केले, इतर कामं केली. १९७१ साली ब्रिटनने कायदा करून बेटाचा कारभार हातात घेतला, १९७६ मध्ये राज्यघटना दिली आणि १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला कायद्याने वेगळं झालं. सेंट किट्स आणि नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र देश झाले. जगभर वसाहती सुटत असताना या लोकांनी वसाहत म्हणून राहणं पसंत केलं. पुष्कळ विचार करून मला वाटतं की ते बरोबर होते. झेंडा कुणाचा यापेक्षा आपल्या पाण्याचा आणि शाळेचा निर्णय कुठे होतो, हे त्यांनी पाहिलं.

वेबस्टर पहिले मुख्यमंत्री झाले. आणि १९७७ मध्ये, वर्षभरातच, त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि त्यांना जावं लागलं. ज्याने बेट सोडवलं त्यालासुद्धा सभागृहाने घरी पाठवलं. लोक रागावले, पण कारभार चालू राहिला, आणि १९८० मध्ये मतदारांनी त्यांना परत आणलं. स्वराज्य चालवता येतं की नाही याचा यापेक्षा चांगला दाखला मी वाचलेला नाही.

आज तिथे ११ सदस्य निवडून येतात. ७ मतदारसंघांतून, आणि ४ पूर्ण बेटाच्या मतांवर. ही दुसरी सोय मला फार आवडली, कारण अशा सदस्याला फक्त आपल्या आळीचं बघून चालत नाही. सरकारच्या प्रमुखाला २०१९ पासून प्रीमियर म्हणतात. २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. पण ब्रिटनच्या राजाने नेमलेला गव्हर्नरही आहे. संरक्षण, परराष्ट्र, पोलीस आणि सरकारी नोकरवर्ग त्याच्या अखत्यारीत. शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अँग्विला अजूनही पूर्ण स्वशासित नसलेल्या प्रदेशांतच आहे.

पोट मुख्यतः पर्यटनावर, आणि म्हणून वादळाच्या दयेवर. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा हे सर्वांत वरच्या श्रेणीचं चक्रीवादळ बेटावरून गेलं. शाळा, दवाखाना, घरं, हॉटेलं सगळ्यांचं नुकसान झालं. असल्या बेटाला २०२३ मध्ये डॉट एआयमधून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यातून सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचार, शाळेचं बांधकाम अशा कामांना पैसा देता आला. पाहुणे आले नाहीत तरी येणारं हे उत्पन्न आहे, वादळाने मोडत नाही. अर्थात तुमच्या धंद्याची हवा बदलली तर तेही आटेल, त्यामुळे तो पैसा टिकाऊ कामात घालताहेत ते मला योग्य वाटतं. तुम्ही लोक दोन वर्षांचे पैसे एकदम भरता ना, ते तिकडे कुणाच्या तरी औषधाला लागतात, हे तुझ्या बरोबरच्या मुलांनाही सांग.

बाबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, “ओमारी बँक्स तिथलाच ना?” तिथलाच. वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला पहिला अँग्विलाकर. २००३ मध्ये अँटिग्वाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेस्ट इंडीजने ४१८ धावा गाठून विश्वविक्रम केला, तेव्हा तो नाबाद ४७ धावांवर शेवटपर्यंत उभा होता. चंद्रपॉल बाद झाल्यावर सामना गेला असं सगळ्यांना वाटलं होतं. बाबा त्यावर अर्धा तास बोलत होते. तू दिवाळीला आलास की तुलाही ऐकावं लागेल, तयारीने ये.

तुझी,
आई