ताणला कोणी, आणि शिव्या कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'मंगल' फाँटवरून दोन डिझायनरांची जुंपलेली वाचली. एकाला तो परिपत्रकासारखा रटाळ वाटतो. दुसरा म्हणतो, कॉम्प्युटरवर मराठी रुळली ती त्याच्यामुळे. मी कोल्हापुरात चाळीस वर्षं बोर्ड रंगवले, तेव्हा दोन शब्द.

'मंगल' घडवला सुलेखनकार र. कृ. जोशींनी, कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी. विंडोज २००० बरोबर तो सगळीकडे पोचला. त्या वेळच्या पडद्यावर बारीक अक्षर मोजक्या ठिपक्यांत बसवायचं, म्हणून जाड-बारीकपणा बेताचा आणि अक्षरांच्या आतल्या पोकळ्या मोकळ्या. त्यात बोरूचं वळण शोधणाऱ्यानं चष्मा बदलावा.

माझा पुतण्या फ्लेक्स छापतो. परवा त्यानं एका तालमीचा वीस बाय दहाचा फ्लेक्स लावला होता. जागा भरावी म्हणून 'मंगल'मधलं 'तालीम' आडवं ताणलेलं. उभे दंड खांबाएवढे जाड, शिरोरेषा मात्र होती तेवढीच बारीक. आम्ही खडूची दोरी मारून आधी शिरोरेषा धरायचो. जागा उरली तर अक्षरांत हवा सोडायची किंवा बाजूला वेलबुट्टी काढायची. अक्षर ओढायचं नाही. त्याला म्हटलं, "भावा, हे काय चड्डीचं इलॅस्टिक आहे?"

माझी खरी तक्रार 'ल' आणि 'श'ची. 'मंगल'मध्ये दोन्ही हिंदी वळणाचे. आपला ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच मराठी वळणं ठरवून दिली, तरी शाहू महाराजांच्या गावात 'शाहू'चा श परक्या वळणाचा दिसतो. याचा दोष मात्र मी जोशींना देणार नाही. एकच फाँट हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांना पुरवायचा होता. आता 'मुक्ता'सारख्या फुकट मिळणाऱ्या फाँटमध्ये मराठी वळणं आहेत. भाषा मराठी निवडली की झालं. तेवढी एक क्लिक कोण करतो?

पुतण्यानं केली. दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन. "काका, ल बदलला, ताणलं बी नाही. पण गिऱ्हाईक म्हणतंय अक्षर बारकं दिसतंय, पहिलंच द्या."

आपला,
एक जुना पेंटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर