लाल डेक की निळी? कोपरखैरण्याच्या दादाला आभारपत्र

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तू "चल, कार्ड पिस" म्हणून विषय बदलतोस. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण पहिली डेक, म्हणजे खेळायचा आपला कार्डांचा गठ्ठा, झटपट करावी की संथ, हा प्रश्न 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळायला लागलेल्या प्रत्येकाला पडतो. तू मला तो सोडवायला जसा शिकवलास तसा कुणीच शिकवत नाही.

बाकीचे स्वभाव विचारतात. उतावळी असशील तर झटपट लाल घे, धीर असेल तर संथ निळी-पांढरी. तू स्वभावाचं नावही काढलं नाहीस. रविवारी मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने तुझ्याकडे यायचे, तेव्हा दोन्ही डेक टेबलावर तयार असायच्या. एका डावाला मी लाल, पुढच्या डावाला तू लाल. दोन्ही बाजूंनी खेळल्याशिवाय निवड करायचीच नाही, हा तुझा नियम.

लाल डेकचं गणित तू बोटांवर करून दाखवलंस. समोरच्याचे 20 प्राण. छोट्या क्रीचरनी (टेबलावर उतरून हल्ला करणाऱ्या कार्डांनी) चौथ्या टर्नपर्यंत 14 काढले, तर उरलेल्या 6 ला दोन लाइटनिंग बोल्ट पुरतात. हे कार्ड एका लाल मॅनात (कार्ड टाकायला खर्चावी लागणारी शक्ती) तीन डॅमेज करतं. 60 कार्डांत 20 लँड, म्हणजे मॅना देणारी कार्डं, ठेवले तर पहिल्या सात कार्डांत सरासरी सव्वादोनच्या आसपास येतात, आणि या डेकला तेवढ्यात काम सुरू करता येतं. संथ डेकला तेवढ्यात भागत नाही. तिथे 26 लँड ठेवायचे, म्हणजे सरासरी तीन हातात येतात, आणि चौथा वेळेवर पडला की रॅथ ऑफ गॉड टाकून टेबलावरचं प्रत्येक क्रीचर साफ. समोरच्याची तीन कार्डं गेली, आपलं एकच खर्च झालं. संथ डेक जिंकते ती या हिशेबावर. पण तो चौथा टर्न येईपर्यंत जिवंत राहायचं असतं, आणि समोरचा काय घेऊन येणार हे आधी ठाऊक असावं लागतं. नाहीतर समोरच्याचं कार्ड रद्द करणारा निळा काउंटरस्पेल कशासाठी राखून ठेवायचा हेच कळत नाही. नवख्या माणसाला निळी जड जाते ती यामुळे, हे माझंही मत झालं आहे.

पण ज्यासाठी हे पत्र, ती गोष्ट वेगळीच. एकदा तू दोन्हीकडे लालच डेक दिलीस आणि डाव अर्ध्यावरून मांडलास. पहिली चाल समोरच्याची होऊन गेलेली. त्याचं दोन ताकदीचं क्रीचर टेबलावर, माझ्या हातात एक बोल्ट. "कुठे टाकशील?" एवढंच विचारलंस आणि आत चहा ठेवायला गेलास. परत आल्यावर मग हिशेब: बोल्ट थेट समोरच्यावर टाकला तर तीन. ते क्रीचर जिवंत राहून चार वेळा मारून गेलं तर आठ. आणि तो एक टर्न पुढे आहे, शर्यत लावली तर आधी तोच पोहोचणार. म्हणजे इथे हातात लाल डेक असली तरी भूमिका संथ डेकची घ्यायची: क्रीचर मारायचं, दम धरायचा. हाच बोल्ट निळ्या डेकसमोर असता, तर तिचा चौथा लँड पडायच्या आत आपल्याला खेळ आटपायचा असतो. डाव बदलला की उत्तरही बदललं.

मॅजिकवर लिहिणाऱ्या माईक फ्लोरेस यांनी 1999 मध्येच हे मांडलं होतं, हे तूच सांगितलंस: सारख्या डेक भिडल्या की एकाला मारायचं असतं आणि दुसऱ्याला अडवायचं, आणि आपली भूमिका ओळखता आली नाही तर डाव तिथेच गेला. मला मात्र ते कळलं तुझ्या टेबलावर, त्या एका बोल्टमुळे. आता प्रत्येक डावाला पहिला प्रश्न हाच मनात येतो: यात घाई कुणाला आहे?

खर्चाचंही तुझ्यामुळे वाचलं. एकही महागडं कार्ड घेऊ दिलं नाहीस. वहीचे कागद कापून त्यावर नावं लिहायची, जुन्या कार्डासमोर ते स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवायचे आणि आधी खेळून बघायचं. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, पण सरावाला कोण अडवतं? कॉलेजच्या पॉकेटमनीवर खेळणाऱ्या मुलीसाठी हे फार मोठं होतं, दादा. आणि काकूंचेही आभार. थालीपीठ खाऊन हात धुतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला कार्डांना हात लावू दिला नाही.

शेवटी मी लाल निवडली. का, ते तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. आपल्याकडच्या स्पर्धेत कोण काय घेऊन येईल याचा नेम नसतो, आणि 50 मिनिटांच्या फेरीत तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात. निळी डेक हातात सराईतपणे बसलेली नसेल तर ती वेळच खाते. वर्षभराने कदाचित मी निळीकडे वळेन. तेव्हा परत तुझंच डोकं खाणार आहे.

तुझ्या निळ्या डेकमधले दोन काउंटरस्पेल अजून कागदाचेच आहेत ना? माझ्याकडे खरे आले आहेत. रविवारी घेऊन येते, ठेवून घे.

तुझी,
ठाण्याची लाल डेकवाली